बारूद तोलणारा लव्हाझिए

द्रव्य अक्षय्यतेचा नियम शिकताना आन्त्वान लव्हाझिए हे नाव आपण सगळ्यांनीच पाठ केलंय. पण या माणसाची सरकारी नोकरी बंदुकीच्या दारूची होती, हे किती जणांना माहीत आहे?

जन्म पॅरिसचा, २६ ऑगस्ट १७४३. वडील वकील, म्हणून पोरानेही कायद्याची डिग्री घेतली, पण जीव रमला विज्ञानात. (इंजिनिअरिंग करून भलतंच काम करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल!) १७६८ मध्ये तो विज्ञान अकादमीत निवडून आला. त्याच वर्षी त्याने राजासाठी कर गोळा करणाऱ्या खासगी कंपनीत पैसे गुंतवले. हा व्यवहार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तेव्हा फ्रान्समध्ये बारूद बनवायचं काम ठेकेदारांकडे होतं आणि ऐन युद्धात माल कमी पडला होता. १७७५ मध्ये अर्थमंत्री ट्यूर्गोने ठेका रद्द करून सरकारी खातं सुरू केलं. त्याच्या चार प्रमुखांपैकी एक लव्हाझिए. तो पत्नी मारी-आनसोबत पॅरिसच्या शस्त्रागारातच राहायला गेला आणि तिथेच त्याने लॅब उभारली. प्रयोगांच्या नोंदी ठेवायला मारी-आन असायची, त्याच्या पुस्तकातल्या उपकरणांच्या आकृत्याही तिच्याच.

आता खरी अडचण काय होती ते बघू. बारूद म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. सोरा नीट शुद्ध केला नाही तर त्यात मीठ राहतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. म्हणजे काट्यावर वजन बरोबर, पण त्यातलं थोडं नुसतं पाणी! चमच्याने किंवा मापाने भरलं तर आणखी घोळ. दाणे किती दाबून बसलेत त्यावर त्याच मापात कमी-जास्त माल मावतो. १६८६ पासून फ्रान्समध्ये बारूद तपासायची एक ठरलेली पद्धत होती : छोट्या तोफेत ३ औंस बारूद, त्यावर ६० पौंडी गोळा, आणि तो निदान ५० त्वाज, म्हणजे साधारण ९७ मीटर, उडालाच पाहिजे. पण ते ३ औंसच चुकले तर? तपासणीला काही अर्थच उरत नाही.

लव्हाझिएने सोऱ्याच्या शुद्धीकरणावर जोर दिला. माल वाढला, दर्जाही सुधारला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात बंडखोरांकडे पोचलेली बरीचशी बारूद फ्रेंच होती.

लॅबमध्येही तोच हट्ट. त्याच्याकडे पॅरिसच्या उत्तम कारागिरांनी बनवलेले तीन वेगवेगळे तराजू होते : जड वजनासाठी एक, मध्यमसाठी एक आणि अगदी बारीकसाठी तिसरा. मला हे फार आवडतं. कारण मोठ्या काट्यावर चिमूटभर माल तोलायला जाणं ही चूक लोक आजही करतात. अमेरिकेत नेमबाज घरी रायफलची काडतुसं पुन्हा भरतात, तेव्हा बारूद 'ग्रेन' या एककात तोलतात. १ ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम, आणि त्यांचा काटा ०.१ ग्रेनपर्यंत दाखवतो, म्हणजे साधारण ६.५ मिलिग्रॅम. स्वयंपाकघरातल्या १ ग्रॅमच्या काट्याला हा फरक दिसतसुद्धा नाही. आणि थोडी जास्त बारूद पडली की नळीतला दाब झपाट्याने वाढतो. (भारतात मात्र लायसन्सशिवाय काडतुसं भरणं गुन्हा आहे.)

गंमत म्हणजे फ्रान्समध्येही ग्रेन होताच, पण तो सुमारे ५३ मिलिग्रॅमचा. नाव एक, वजन वेगळं. असल्या गोंधळाला कंटाळून लव्हाझिए दशमान पद्धतीच्या बाजूने उभा राहिला. १७९३ मध्ये त्याने आणि आयुई या शास्त्रज्ञाने ठरावीक आकारमानाचं पाणी अचूक तोलून आजच्या किलोग्रॅमचा पाया घातला.

बारुदीने त्याचा जीव दोनदा घ्यायला पाहिला. ऑक्टोबर १७८८ मध्ये एसोन इथे नव्या प्रकारच्या बारुदीची चाचणी होती. मंडळी थोडा वेळ बाजूला गेली आणि स्फोट झाला. पुढे गेलेले दोघे ठार झाले, लव्हाझिए आणि मारी-आन थोडक्यात वाचले. पुढच्या वर्षी, क्रांतीच्या धामधुमीत, शस्त्रागारातली हलक्या प्रतीची बारूद होडीतून बाहेर काढली जात होती, चांगली ठेवायला जागा हवी म्हणून. लोकांना वाटलं हा बारूद पळवतोय. चिडलेल्या जमावापुढे कोणती बारूद हलकी आणि कोणती चांगली, हे समजावत बसायची वेळ आली!

शेवटी नडली ती करवसुलीची कंपनी. कंपनीच्या भागीदारांवरच्या आरोपांत एक होता तंबाखूत पाणी मिसळून वजन वाढवल्याचा. पाण्याने वजन कसं फसवतं, हे ज्याला सगळ्यात चांगलं कळत होतं, त्याच्यावर हा आरोप. ८ मे १७९४ ला २८ भागीदारांना एकाच दिवशी गिलोटिनवर चढवलं. त्यात लव्हाझिएही होता आणि त्याचा सासराही.

एसोनच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली शिकलेला एक तरुण पुढे अमेरिकेला गेला आणि १८०२ मध्ये डेलावेअरमध्ये त्याने स्वतःची बारूद गिरणी काढली. त्याचं नाव एल्यूथेर इरेने द्यु पॉन. नायलॉन, टेफ्लॉन आणि फ्लेक्स केबलसाठी वापरली जाणारी कॅप्टॉन फिल्म विकसित करणारी ड्यूपॉन्ट कंपनी ती हीच.