आन्स्की : लोकपरंपरेचा संग्राहक आणि नाटककार

पूर्व युरोपातील ज्यू लोकजीवनाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया ज्यांनी घातला, त्यांत शलोयमे-झान्व्ल रापोपोर्ट यांचे स्थान महत्त्वाचे आहे. वाङ्मयविश्वात ते ‘आन्स्की’ या टोपणनावाने ओळखले जातात. ‘डिब्बुक’ या नाटकाचे कर्ते म्हणून त्यांची कीर्ती मोठी असली, तरी त्या नाटकामागे लोकसाहित्याच्या संकलनाची दीर्घ साधना उभी आहे.

आन्स्की यांचा जन्म १८६३ साली रशियन साम्राज्यातील व्हिटेब्स्क प्रांतात झाला. बालपणी त्यांना पारंपरिक धर्मशिक्षण मिळाले. परंतु तरुणपणीच प्रबोधनवादी विचारांच्या प्रभावाने ते परंपरेपासून दुरावले. रशियन शेतकरी आणि कामगार यांच्या उद्धारात आपले जीवितकार्य आहे, अशी त्यांची धारणा झाली आणि ते दोनेत्स खोऱ्यातील खाणकामगारांत जाऊन राहिले. १८९२ मध्ये त्यांनी रशिया सोडला. पुढे पॅरिसमध्ये क्रांतिवादी विचारवंत प्योत्र लाव्रोव्ह यांचे सचिव म्हणून, १९०० साली लाव्रोव्ह यांचे निधन होईपर्यंत, त्यांनी काम केले. या काळातील त्यांचे लेखन प्रामुख्याने रशियन भाषेत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पेरेत्झ यांच्या यिद्दिश साहित्याचा परिचय झाल्यावर, आपल्या मातृभाषेतही आधुनिक जाणीव समर्थपणे प्रकट होऊ शकते, याचा त्यांना प्रत्यय आला. परक्या जनसामान्यांच्या शोधात निघालेला हा लेखक अशा रीतीने स्वजनांकडे वळला. १९०५ च्या क्रांतीनंतर ते रशियात परतले.

शहरीकरण, स्थलांतर आणि हिंसाचार यांमुळे खेड्यापाड्यांतील ज्यू परंपरा झपाट्याने लोप पावत आहेत, हे त्यांनी ओळखले होते. धर्मग्रंथांइतकेच मोल मौखिक परंपरेलाही आहे, ही त्यांची भूमिका होती. १९१२ ते १९१४ या काळात त्यांच्या नेतृत्वाखाली व्होलिन्या, पोडोलिया आणि कीव्ह या प्रांतांत संशोधनमोहीम काढण्यात आली. सुमारे सत्तर गावांतून कथा, गीते, धून, छायाचित्रे आणि विधिवस्तू गोळा झाल्या. मेणाच्या नळकांड्यांवर गायन ध्वनिमुद्रित करण्यात आले. संगीतकार योएल एंगेल आणि छायाचित्रकार सोलोमन युदोव्हिन हे या कार्यातील त्यांचे सहकारी होत. जन्मापासून मरणोत्तर अवस्थेपर्यंतच्या समजुतींविषयी २०८७ प्रश्न असलेली प्रश्नावलीही सिद्ध झाली. परंतु १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि त्या प्रश्नांची उत्तरे मिळवण्याचे काम राहून गेले.

युद्धकाळात गॅलिशियातील उद्ध्वस्त ज्यू वस्त्यांत त्यांनी मदतकार्य केले आणि तेथील अत्याचारांचा वृत्तांत लिहून ठेवला. संग्राहकाची जागा आता साक्षीदाराने घेतली होती.

‘डिब्बुक’ची सामग्री याच भ्रमंतीतून आली. दोन मित्रांनी आपल्या अपत्यांच्या विवाहाचे दिलेले वचन मोडले जाते. वियोगाने मृत झालेल्या तरुणाचा आत्मा वधूच्या देहात प्रवेश करतो. भूतबाधेच्या लोकसमजुतीला येथे न्याय आणि वचनभंग यांच्या प्रश्नाचे परिमाण लाभते. नाटकाची संहिता रशियन आणि यिद्दिश भाषांतून घडली. १९१८ मध्ये कवी ब्यालिक यांचे हिब्रू भाषांतर प्रसिद्ध झाले. यिद्दिश संहिता हरवल्यावर आन्स्की यांनी या भाषांतराच्या आधारे ती पुन्हा सिद्ध केली.

बोल्शेव्हिक सत्ताग्रहणानंतर १९१८ मध्ये ते विल्ना येथे आणि तेथून वॉर्साला गेले. ८ नोव्हेंबर १९२० रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर महिन्याभरातच विल्ना नाटकमंडळीने ‘डिब्बुक’ रंगभूमीवर आणले. ते यश पाहण्याचे भाग्य नाटककाराला लाभले नाही.

दुसऱ्या महायुद्धात, या मोहिमेने पाहिलेल्या प्रदेशातील बहुसंख्य ज्यू लोकांची हत्या झाली. लोकसाहित्याचे संकलन हे केवळ भूतकाळाविषयीचे कुतूहल नसून ते काळाशी लावलेली शर्यत असते, याची जाणीव आन्स्की यांचे कार्य आजच्या अभ्यासकाला करून देते.