वाँटेजच्या ओढ्याकाठी पंडिता रमाबाई

बंगळूरच्या चिकपेटेत सकाळी दुकाने उघडू लागली, की अनेक भाषा एकदम कानी पडतात. त्यांत मराठीही असते. सतराव्या शतकात ही जहागीर शहाजीराजांकडे आली, तेव्हापासून या नगरीशी मराठीचे नाते आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि गळ्यात वधस्तंभ, अशा माणसाला केव्हा तरी विचारले जाते, की हा धर्म तुमचा, की परक्यांकडून घेतलेला? या प्रश्नाला एका स्त्रीने आपल्या आयुष्याने उत्तर दिले. पंडिता रमाबाई त्यांचे नाव. त्या महाराष्ट्राच्या खऱ्याच. पण त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात, तुंगा व भद्रा यांच्या उगमापाशी झाला.

त्यांचे पूर्वायुष्य आपणांस ठाऊक असेल. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले आणि त्या मातेने रमेला. पुढे दुष्काळात मातापिता गेले, १८८० साली बंधू श्रीनिवास गेला आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पती बिपिन बिहारी मेधावी पटकीने मृत्यू पावले. चोविसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या. पदरी तान्ही मनोरमा होती. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि १८८३ च्या एप्रिलमध्ये वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने विलायतेची वाट धरली. सोबत मनोरमा आणि आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती.

आता, वाचकहो, मनाने त्यांच्याबरोबर चला. ऑक्सफर्डच्या नैर्ऋत्येस, खडूच्या हिरव्या टेकड्यांच्या पायथ्याशी वाँटेज हे लहानसे गाव आहे. लेटकम नावाचा ओढा गावातून वाहतो. चौकात या गावी जन्मलेल्या आल्फ्रेड राजाचा पुतळा आहे; रमाबाई आल्या तेव्हा तो उभारून अवघी सहा वर्षे झाली होती. येथे संत मेरीच्या भगिनींचा मठ होता. त्या भगिनी पुण्यातही सेवा करीत असल्याने रमाबाईंची त्यांच्याशी ओळख झाली होती. याच गावातून रमाबाईंनी आपल्या प्रवासाची हकिकत मराठीत लिहून स्वदेशी पाठविली.

त्या शांत गावात त्यांचे मन मात्र शांत नव्हते. ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यकीचा मार्ग खुंटला. मैत्रीण आनंदीबाईने मनाच्या भयंकर अस्वस्थतेत आत्महत्या केली. परक्या भूमीवर त्या लेकराला घेऊन एकाकी उरल्या. तशातच भगिनींनी लंडनजवळ फुलम येथे चालविलेले पतित स्त्रियांसाठीचे सेवागृह त्यांनी पाहिले. ज्यांना समाज दार लावतो, त्यांची प्रेमाने शुश्रूषा होत होती. हे कशामुळे, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. विहिरीकाठी प्रभूने तिच्याशी केलेले बोलणे रमाबाईंच्या अंतःकरणाला भिडले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

मायदेशी निंदेचे वादळ उठले. इकडे भगिनींनाही एक गोष्ट उमगली नव्हती. रमाबाईंनी प्रभूला जीवन दिले होते, सदसद्विवेकबुद्धी मात्र कोणाच्या स्वाधीन केली नव्हती. शाकाहार व साडी त्यांनी सोडली नाही. मतांविषयी शंका आली, की त्या निर्भयपणे विचारीत आणि पवित्र शास्त्र हाच आपला प्रमाणग्रंथ मानीत. चेल्टनम येथील महिला महाविद्यालयात त्या शिकत व संस्कृत शिकवीत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे यास हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, तेव्हाही त्यांनी आपले मत निर्भीडपणे मांडले. ज्यांनी आश्रय दिला त्यांनाच नम्रतेने नाही म्हणणे किती कठीण असते, हे आपण जाणतोच. रमाबाईंनी कृतज्ञताही सोडली नाही आणि स्वातंत्र्यही.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास आले. १८९६ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुली व विधवांना गोळा करून केडगाव येथे आणले. तेथील मुक्तिसदनात पुढे सुमारे दोन हजार जणी राहू लागल्या. शेती, विणकाम, छापखाना, सारे त्यांनी चालविले. तेथेच पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले. फुलमला पाहिलेले बीज मराठी मातीत असे रुजले. गुलबर्ग्यासही त्यांनी शाळा काढली.

अखेरची वर्षे त्यांनी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराला वाहिली. मूळ ग्रंथ वाचता यावेत म्हणून त्या इब्री व ग्रीक शिकल्या. पंडिता असूनही त्यांनी भाषा सोपी ठेविली, कारण ती अल्पशिक्षित बायांना कळावयास हवी होती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. ते दुःख गिळून त्यांनी काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूत विसावल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

प्रिय वाचक, वाँटेजच्या ओढ्याकाठी रमाबाईंना प्रभू भेटला. पण तो त्या गावाचा आहे, असे त्यांनी मानले नाही. त्यांनी त्याची ओळख आपल्या बोलीत, आपल्या वेषात, आपल्या उपेक्षित भगिनींच्या घासात करून दिली. चिकपेटेच्या गर्दीत किंवा अन्य कोठे तुम्हांस तो जुना प्रश्न कोणी विचारील, तेव्हा वादात शिरू नका. ज्याला कोणी दार उघडत नाही अशा एका माणसाला आपल्या घरात जागा द्या. रमाबाईंनी तेच उत्तर दिले होते.