डावलले गेलेले कर्णधार : पालवणकर बाळू

श्रीरामपूरचे नाव क्रिकेटच्या जगात पोहोचले ते झहीर खानमुळे. ९२ कसोटी सामने आणि ३११ बळी मिळविणाऱ्या या डावखुऱ्या गोलंदाजाने २००६ मध्ये इंग्लंडमधील वूस्टरशायर या कौंटीकडून व्यावसायिक खेळाडू म्हणून मोसम गाजविला, तेव्हा त्यात कोणाला काही नवल वाटले नाही. गोलंदाजाने मेहनताना घेऊन खेळावे, परदेशी मैदाने गाजवावीत आणि घरी परतल्यावर त्याचे स्वागत व्हावे, हे आता अंगवळणी पडले आहे. मात्र सुमारे शंभर वर्षांपूर्वी मराठी मुलखातील आणखी एक डावखुरा गोलंदाज इंग्लंडमध्ये बळींची रास रचून आला होता. त्याची पहिली कमाई मैदान झाडण्याची होती. आज तरुण क्रिकेटप्रेमींपैकी किती जणांना पालवणकर बाळू हे नाव ठाऊक असेल, याची शंका वाटते.

बाळू यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. कोकणातील पालवण हे घराण्याचे मूळ गाव. आडनाव त्यावरून आलेले. घराणे चर्मकार समाजातील, म्हणजे त्या काळच्या रूढीने अस्पृश्य ठरविलेले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने कुटुंब पुण्याच्या छावणीत आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू हेच बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम यांचे पहिले क्रीडासाहित्य. पुढे विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोन भाऊ याच खेळात आले. एकाच घरातील चार भाऊ नामांकित क्रिकेटपटू व्हावेत, हा योग त्या काळात संस्थानिकांच्या घरातही दुर्मिळ होता.

शिक्षण फार झाले नाही. पारशी मंडळींच्या एका क्लबात खेळपट्टी झाडण्याची आणि तिच्यावर रूळ फिरविण्याची नोकरी मिळाली, दरमहा तीन रुपयांवर. १८९२ च्या सुमारास बाळू गोऱ्या साहेबांच्या पूना जिमखान्यात दाखल झाले. तेथे पगार चार रुपये. रूळ फिरवायचा, जाळी उभारायची, टेनिसच्या कोर्टावर पांढऱ्या रेघा मारायच्या, आणि कोणा साहेबाला सराव करावयाचा असेल तर चेंडू टाकायचे. ट्रॉस नावाच्या एका इंग्रजाने त्यांना प्रथम गोलंदाजीस प्रवृत्त केले असे सांगतात. पण खरा कस लागला तो कॅप्टन जे. जी. ग्रेग यांच्यासमोर. त्या काळच्या हिंदुस्थानातील गोऱ्या फलंदाजांत ग्रेग यांचा दर्जा फार वरचा होता. ते तास न् तास बाळूंना चेंडू टाकावयास लावीत आणि प्रत्येक वेळी बाद झाल्यावर आठ आणे देत. हिशेब करून पाहण्याजोगा आहे. ग्रेग आठ वेळा बाद झाले की महिन्याचा पगार वसूल! व्यावसायिक क्रिकेटची याहून रोखठोक शाळा कोणती असणार?

या शाळेत एक विषय मात्र शिकविला जात नव्हता. पूना जिमखान्यात बाळूंनी हजारो चेंडू टाकले, पण त्यांच्या हाती बॅट कोणी दिली नाही. बॅट साहेबाने धरायची आणि चाकराने चेंडू टाकायचे, अशी ती वाटणी होती.

पुण्यातील हिंदू क्लबाला गोऱ्यांशी सामने खेळावयाचे होते आणि गावातील सर्वोत्तम गोलंदाज त्यांच्या डोळ्यांसमोर होता. तरी त्यास संघात घ्यावे की न घ्यावे, यावर वाद माजला. क्लबातील तेलुगू सभासद अनुकूल, तर काही ब्राह्मण सभासद प्रतिकूल. हिंदूंनी अशा गोलंदाजास दूर ठेवणे मूर्खपणाचे ठरेल, असे ग्रेग यांनीच जाहीरपणे बोलून दाखविल्याचे सांगितले जाते. त्यांच्या सांगण्यात सामाजिक न्यायाची कळकळ किती आणि तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याशी झुंजण्याची हौस किती, हे ठरविणे कठीण. काही असो, बाळू संघात आले.

संघात आले, परंतु पंगतीत नव्हे. मैदानावर सर्व अकरा जण एकच चेंडू हाताळीत. चहाची वेळ झाली की सहकारी आत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. तोंड धुवावयाचे असेल तर त्यांच्याच समाजातील नोकर मैदानाच्या कोपऱ्यात पाणी आणून ओती. ज्या बोटांनी फिरविलेल्या चेंडूवर संघ जिंकत होता, त्या बोटांचा स्पर्श पेल्याला चालत नव्हता. विटाळाच्या कल्पनेतील हा व्यवहारीपणा थक्क करणारा आहे. चेंडूला विटाळ नाही, कारण चेंडूने बळी मिळतात!

याच काळात अमेरिकेतील बेसबॉलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी मुख्य साखळी स्पर्धांचे दरवाजे पूर्ण बंद होते. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले, तेव्हा कुठे ते उघडले. आपल्याकडे दरवाजा त्याच्या कितीतरी आधी किलकिला झाला, पण उंबरठ्याच्या आत कोठवर यावयाचे याची रेघ आखलेली होती.

साताऱ्यात गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध बाळूंनी सात बळी घेऊन पुण्याला विजय मिळवून दिला आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या काळाच्या दृष्टीने ही घटना लहान नव्हती.

प्लेगच्या साथीच्या सुमारास, १८९६ नंतर बाळू मुंबईस आले. तेथील परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही काही सभासदांचा विरोध झाला. कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरला म्हणून प्रवेश मिळाला. पोटापाण्यासाठी त्यांनी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी धरली आणि रेल्वेच्या संघातूनही ते खेळले. मुंबईने पुण्यापेक्षा मन थोडे मोठे केले. जिमखान्यात इतर सभासदांसमवेत त्यांना जेवावयास बसता येऊ लागले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांचा पहिला मोठा सामना मुंबईत झाला. वंगभंगानंतरचे, स्वदेशीच्या चळवळीने तापलेले ते दिवस. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले. १०९ धावांनी मिळविलेल्या या विजयात बाळूंचे दोन्ही डावांत मिळून आठ बळी होते. चर्मकार बंधूंना संघात घेतल्यामुळे हा विजय मिळाला, हा मुद्दा सुधारकी वृत्तपत्रांनी आवर्जून मांडला. मैदानावर चालते ते समाजात का चालू नये, असा प्रश्न त्यांनी वाचकांपुढे ठेवला.

बाळूंच्या गोलंदाजीचे वर्णन जुन्या जाणकारांनी पुष्कळ केले आहे. मंदगती डावखुरी फिरकी, चेंडू दोन्ही बाजूंना वळविण्याचे कसब, वेगात बेमालूम बदल आणि न थकता दीर्घकाळ गोलंदाजी करण्याची ताकद. इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी त्यांची तुलना होई.

१९११ मध्ये अखिल भारतीय म्हणविणारा पहिला संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग कर्णधार, त्यांचे वय अवघे एकोणीस. संघात सहा पारशी, पाच हिंदू आणि तीन मुसलमान; हिंदूंपैकी दोघे म्हणजे बाळू आणि शिवराम. महाराजांचा बराचसा वेळ राजदरबारी मेजवान्यांत गेला आणि संघाच्या वाट्याला पराभवच अधिक आले. प्रथम श्रेणीच्या चौदा सामन्यांत दोन विजय, दहा पराभव. अशा विस्कळित संघात वयाच्या पस्तिशीत असलेल्या बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी १०३ धावांत आठ गडी बाद केले. लीस्टरशायरवरील विजयातही त्यांच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. दौऱ्यातून संघाला फारसे काही लाभले नाही, पण या एका गोलंदाजाची इंग्लंडमध्ये नोंद झाली.

मायदेशी परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातील मानपत्र तयार करण्यात भीमराव आंबेडकर या महाविद्यालयीन तरुणाचा पुढाकार होता. त्या तरुणाच्या मनात बाळूंविषयी मोठा आदर होता. आपल्या समाजातील माणूस गुणांच्या बळावर कोठवर जाऊ शकतो, याचे ते त्याच्यासमोरील जिवंत उदाहरण होते.

कर्तृत्वाने बाळू हिंदू संघाचे पहिले मानकरी होते. कर्णधारपद मात्र त्यांना मिळाले नाही. १९१३ मध्ये ते एम. डी. पै यांच्याकडे गेले. पै हे सरळ मनाचे गृहस्थ. आपल्यापेक्षा ज्येष्ठ आणि अनुभवी असलेल्या बाळूंना हा मान मिळावयास हवा होता, असे त्यांनी स्वतःच्याच सत्काराच्या सभेत बोलून दाखविले. तरीही पुढील काही वर्षे समर्थक नाव सुचवीत राहिले आणि निवड करणारे ते टाळीत राहिले.

१९२० मध्ये प्रकरण चिघळले. चौरंगी स्पर्धेसाठी बाळूंना प्रथम संघातूनच वगळण्यात आले. पै आजारी असल्याने कर्णधारपद विठ्ठल यांच्याकडे येईल अशी अपेक्षा होती. निवड झाली ती दि. ब. देवधर यांची. देवधर मोठे फलंदाज होते यात वाद नाही, पण विठ्ठल यांची ज्येष्ठता आणि गुणवत्ताही कमी नव्हती. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून संघातून माघार घेतली. जातीचा प्रश्न प्रथमच इतक्या उघडपणे क्रिकेटच्या मैदानात आला. हे करावयास फार धैर्य लागत असले पाहिजे. खेळ हाच ज्यांच्या प्रतिष्ठेचा एकमेव आधार, त्यांनी तोच पणाला लावला होता. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यापूर्वी तडजोड झाली. पै कर्णधार म्हणून परतले, दोघे भाऊ संघात आले आणि बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. सामना चालू असताना पै काही काळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ पंचेचाळिशीला आलेल्या बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. पै मुद्दाम बाहेर गेले असावेत, असे मानावयास जागा आहे.

बाळूंची प्रथम श्रेणी कारकीर्द तेथेच थांबली. ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. विजयानंतर प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले.

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात ओढले गेले, आणि चरित्राचा सर्वांत अवघड भाग येथे सुरू होतो. मानपत्र तयार करणारा तो तरुण आता दलितांचा नेता होता. अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ हवेत, ही डॉ. आंबेडकरांची मागणी बाळूंना मान्य नव्हती. हिंदू समाजात राहूनच बदल घडविता येईल, अशी त्यांची धारणा होती. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर डॉ. आंबेडकरांबरोबर त्यांचीही सही आहे. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांच्या विरोधात उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. बाळूंच्या नावाचा वापर झाला, असे म्हणणारे तेव्हाही होते. पण मैदानावर सर्वांबरोबर खेळत खेळत ज्याने स्वतःसाठी पंगतीतील जागा मिळविली, त्याला तोच मार्ग सर्वांसाठी खुला होईल असे वाटले, तर त्यात अप्रामाणिकपणा दिसत नाही. आंबेडकरांनी मात्र त्या मार्गाला लागणारा काळ मोजला होता.

रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या ग्रंथामुळे बाळूंची कथा इंग्रजी वाचकांपर्यंत विस्ताराने पोहोचली. त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या ‘लगान’ चित्रपटातील कचरा हे पात्र पाहून अनेकांना बाळू आठवले. मराठीत विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ मध्येच प्रसिद्ध झाले होते.

पालवणकर बाळू यांचे ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निधन झाले. सांताक्रूझच्या स्मशानभूमीत त्यांना निरोप देण्यासाठी खेळाडूंबरोबर राजकीय नेतेही आले होते.