म्हाइंभटांचा आचार

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात गोदातीरी सराळे हे स्थान आहे. तेथील म्हाइंभट शास्त्रांत निष्णात, घरचे संपन्न आणि वादात कोणास न आवरणारे. इतर सारे अज्ञानाच्या अंधारात आहेत हे दर्शविण्यास ते दिवसाही दिवटी पाजळून चालत, असे परंपरा सांगते. त्याच अभिमानाने ते डोमेग्रामी, म्हणजे आजच्या कमालपुरी, सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींशी वाद करावयास गेले आणि निरुत्तर झाले.

परंतु वादात हरणे निराळे आणि राहणी पालटणे निराळे. बुद्धी एका दिवसात नमते. देहाची सवय इतक्या लवकर नमत नाही. म्हाइंभटांचे खरे मोठेपण या दुसऱ्या गोष्टीत आहे. नागदेवाचार्यांपाशी अनुसरण घेऊन त्यांनी वैभव सोडले, भिक्षान्न पत्करले. १२७४ मध्ये स्वामींचे उत्तरापंथे गमन झाले होते. लीळा पाहिलेली माणसे विखुरत होती. रिद्धपुरी वाजेश्वरीत नागदेवाचार्य लीळांचे स्मरण करीत बसत. त्या लिहून ठेवाव्या, हे म्हाइंभटांस सुचले. मग ज्याने लीळा पाहिली त्याच्याच दारी ते पायी जात, ऐकलेले आचार्यांकडून पारखून घेत. सांगणाऱ्यांत महदाइसेसारख्या विदुषी होत्या, तसे साधे भाविकही होते. दिवटीवाल्या पंडितापुढे त्या भाविकांची वाचा फुटली असती काय? झोळीवाल्या म्हाइंभटांपाशी मात्र ते निःसंकोच बोलले.

सुमारे १२७८ मध्ये लीळाचरित्र सिद्ध झाले. त्यातून डोमेग्रामचा आपला पराभव त्यांनी वगळला नाही.