क्युरींची गारगोटी

क्युरी हे नाव ऐकले की रेडियम आठवते आणि त्यापाठोपाठ मेरी. पिएर क्युरी यांचा उल्लेख बहुधा मेरीचे पती आणि १९०३च्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी एवढाच होतो. मात्र रेडियमच्या १८ वर्षे आधीच त्यांनी भावासोबत एक शोध लावला होता. रक्त गोठू लागले की त्याची खबर देणारी क्वार्ट्झची चकती आज संशोधन प्रयोगशाळांत वापरतात, ती त्याच शोधावर चालते.

पिएर यांचा जन्म पॅरिसमध्ये १५ मे १८५९ रोजी झाला. वडील यूजीन डॉक्टर होते. मुलगा एका विषयात शिरला की त्यातच गढून जातो, शाळेच्या तासांशी त्याचे जमणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि त्याला शाळेत घातलेच नाही. घरी शिकून पिएर १८व्या वर्षी पदवीधर झाले आणि सॉरबॉनमध्ये प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून लागले. थोरला भाऊ जाक तिथेच खनिजांवर काम करीत होता.

टूर्मलीनचा खडा तापवला की त्यावर विद्युतभार येतो, हे तेव्हा ठाऊक होते. उष्णतेने स्फटिक प्रसरण पावतो. मग नुसता दाबला तर? दोघा भावांनी स्फटिकांच्या चकत्या कापून त्या दाबून पाहिल्या. टूर्मलीन, पुष्कराज, रोशेल मीठ, क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, इतकेच काय, उसाच्या साखरेचे स्फटिक म्हणजे खडीसाखरसुद्धा! साऱ्यांवर विद्युतभार उमटला. हे १८८० साल. पुढच्याच वर्षी गॅब्रिएल लिपमन यांनी गणिताने दाखवले, की उलटेही घडायला हवे: वीज दिली की स्फटिकाचा आकार बदलायला हवा. भावांनी तेही लगोलग पडताळले. याला दाबविद्युत म्हणतात.

जाक पुढे माँपेलिएला गेले. पिएर पॅरिसच्या एका औद्योगिक शिक्षणसंस्थेत तुटपुंज्या पगारावर राहिले. पदव्या-मानमरातबांची त्यांना घाई नव्हती. डॉक्टरेट त्यांनी १८९५मध्ये, पस्तिशीत घेतली. त्याच वर्षी मेरीशी लग्न झाले.

मेरी युरेनियमचे किरण मोजू लागल्या, तेव्हा भावांनी बनवलेले क्वार्ट्झचे उपकरण कामी आले. किरणांमुळे हवेतून वाहणारी वीज फारच क्षीण असे. मग क्वार्ट्झच्या लांब, पातळ पट्टीला वजन टांगायचे. पट्टीवर ताण येऊन जो विद्युतभार निर्माण होई, त्याने किरणांमुळे जमलेला भार खोडून काढायचा. प्रकाशाचा ठिपका शून्यावरून हलू द्यायचा नाही आणि दुसऱ्या हातात स्टॉपवॉच. थोडक्यात, विजेचा तराजूच. याच तराजूने सांगितले, की पिचब्लेंड हे खनिज शुद्ध युरेनियमपेक्षाही जास्त किरण सोडते. स्फटिकांचे काम बाजूला ठेवून पिएर पत्नीला येऊन मिळाले. १८९८मध्ये पोलोनियम आणि रेडियम सापडले. गारगोटीकडे परतायला पिएर यांना सवड झाली नाही.

रेडियमचा परिणाम पाहण्यासाठी त्यांनी ते स्वतःच्या दंडावर बांधून घेतले. जखम दीड महिन्यानंतरही पुरती भरली नव्हती. त्यातूनच गाठींवर रेडियमचे उपचार करून पाहण्याची कल्पना पुढे आली. ते स्वतः मात्र थकव्याने आणि पायांच्या दुखण्याने बेजार असत. १९ एप्रिल १९०६ रोजी पावसात, पॅरिसच्या रस्त्यावर ते घोडागाडीखाली सापडले. वय अवघे ४६.

गारगोटी पुढे नेली त्यांचे विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी. पहिल्या महायुद्धात त्यांनी क्वार्ट्झमधून ध्वनिलहरी सोडून पाणबुड्या हुडकण्याचे तंत्र उभे केले. १९५९मध्ये जर्मनीत ग्युंटर झाउअरब्रे यांनी दाखवले, की कंप पावणाऱ्या चकतीवर पातळ थर चढला तर तिची वारंवारिता वजनाच्या प्रमाणात घटते. हा तराजू ग्रॅमच्या अब्जांश भागापर्यंत जातो. पण हे हवेत किंवा निर्वातात. द्रवात चकतीचे कंपन बंद पडेल, असे पुष्कळांना वाटे.

तसे होत नाही, कारण चकती विशिष्ट कोनात कापलेली असते. तिचे पृष्ठभाग वरखाली उड्या मारत नाहीत, ते आडवे सरकतात. जात्याची तळी मागेपुढे हलवावी तसे. त्यामुळे द्रवाचा केवळ तिला चिकटलेला थर ओढला जातो. सेकंदाला ५० लाख कंपने करणाऱ्या चकतीजवळ पाण्याचा हा थर मिलिमीटरचा सुमारे चार हजारावा भाग असतो. तेवढ्यानेही वारंवारिता सुमारे ७०० हर्ट्झने उतरते. द्रव जितका दाट आणि चिकट, तितकी घट अधिक; तिचे गणित कानाझावा आणि गॉर्डन यांनी १९८५मध्ये मांडले.

म्हणून रक्तद्रवाचा एखादा थेंब चकतीवर ठेवला, की तो पातळ असेपर्यंत वारंवारिता स्थिर राहते. त्यात फायब्रिनचे धागे विणले जाऊ लागले की ती घसरू लागते, आणि त्या क्षणाची नोंद आपोआप होते. चकतीवर आधी प्रतिपिंडे बसवली, तर त्यांना चिकटणारे प्रथिन किंवा जंतूही असाच पकडता येतो. त्यासाठी कुठलाही रंग किंवा किरणोत्सारी खूण लागत नाही.