सिमको : अर्ध्या न्यायाचा गव्हर्नर

दिल्ली आणि लासवारी येथे १८०३ साली शिंद्यांच्या फौजांचा पराभव करणाऱ्या जनरल लेकच्या जागी हिंदुस्थानचा सरसेनापती म्हणून १८०६ मध्ये ज्याची नेमणूक झाली, तो जॉन ग्रेव्हज् सिमको हिंदुस्थानात कधी पोहोचलाच नाही. त्याला आधी लिस्बनच्या कामगिरीवर धाडण्यात आले. त्या प्रवासात तो आजारी पडला आणि मायदेशी परतून २६ ऑक्टोबर रोजी एक्झिटर येथे वारला. तो इकडे आला नाही याचा खेद आपण करण्याचे कारण नाही. कॅनडाला मात्र हा मनुष्य विसरता येत नाही.

१७५२ साली जन्मलेल्या सिमकोचे वडील आरमारात कप्तान होते. ईटन व ऑक्सफर्ड येथे शिकून तो लष्करात शिरला आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात राजनिष्ठांचे एक पथक घेऊन स्वातंत्र्यवाद्यांविरुद्ध लढला. यॉर्कटाउनच्या शरणागतीचे शल्य त्याच्या मनातून कधी गेले नाही. १७९१ मध्ये क्वेबेकचे विभाजन होऊन अप्पर कॅनडा हा प्रांत, म्हणजे आजच्या ओंटारिओचा दक्षिण भाग, निर्माण झाला आणि सिमको त्याचा पहिला लेफ्टनंट गव्हर्नर झाला. त्या अरण्यात सरदार-जमीनदारांसह दुसरे इंग्लंड उभारण्याचे त्याचे स्वप्न होते. ते तिथल्या मातीत रुजले नाही, हे बरेच झाले. त्याने १७९३ मध्ये वसविलेले यॉर्क हे गाव मात्र टिकले. तेच आजचे टोरांटो.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये क्लोई कुली नावाच्या एका कृष्णवर्णीय गुलाम स्त्रीला तिच्या मालकाने दोरखंडाने बांधून, नायगारा नदीपलीकडे विकण्यासाठी होडीत घातले. तिने आकांत केला, झटापट केली. पीटर मार्टिन या कृष्णवर्णीय माजी सैनिकाने ही हकीकत गव्हर्नरच्या मंडळापुढे मांडली. मालकाला शासन होऊ शकले नाही, कारण कायदा त्याच्याच बाजूचा होता. तेव्हा सिमकोने कायदाच बदलण्याचे मनावर घेतले. विधिमंडळातील कित्येक सभासद स्वतःच गुलामांचे धनी! अखेर ९ जुलै रोजी तडजोडीचा कायदा झाला : नवे गुलाम आणण्यास बंदी, यापुढे गुलाम मातेच्या पोटी जन्मणारी मुले वयाच्या २५ व्या वर्षी मुक्त, जे आज गुलाम आहेत ते मात्र गुलामच राहतील.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरीला आवर घालणाऱ्या सुरुवातीच्या कायद्यांपैकी हा एक, हे श्रेय सिमकोला दिलेच पाहिजे. परंतु त्या दिवशी एकाही गुलामाची बेडी तुटली नाही. पलीकडच्या अमेरिकन वायव्य प्रदेशात १७८७ पासून गुलामगिरीला बंदी असल्यामुळे काही गुलाम तर कॅनडातून तिकडेच पळून गेले.

प्रकृती ढासळल्याने सिमकोने १७९६ मध्ये कॅनडा सोडला. पुढच्याच वर्षी सरकारने त्याला सां-दोमिंगला, म्हणजे आजच्या हैतीत, पाठविले. बंड करून मुक्त झालेल्या गुलामांचा नेता तूसाँ लूव्हेर्त्यूर तेथे लढत होता, आणि त्याच्याविरुद्ध, गुलामांच्या मालकांच्या बाजूने, ब्रिटिश फौज उभी होती. सिमकोने तिचे नेतृत्व पत्करले.