समाजस्वास्थ्यकार प्रा. र. धों. कर्वे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या दिवंगत थोर महाराष्ट्रीयाचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाने सूचना केली तेव्हा आम्ही र. धों. कर्वे यांचे नाव पुढे केले. बैठकीत क्षणभर शांतता पसरली. त्यानंतर एका ज्येष्ठ सभासदांनी, कर्व्यांवरच लिहावयाचे तर महर्षी धोंडो केशवांवर लिहावे, स्मरणिकेत ते अधिक शोभून दिसेल, असे अत्यंत सौम्य शब्दांत सुचविले. सूचना प्रेमाची होती यात शंका नाही. परंतु महर्षींच्या कार्यावर आजवर विपुल लेखन झाले आहे. त्यांच्या ज्येष्ठ चिरंजीवांचे नाव मात्र आजही चारचौघांत थोडे दबक्या आवाजात घेतले जाते, आणि नेमके म्हणूनच हा लेख लिहिण्याचे आम्ही ठरविले.

आणखीही एक कारण आहे. आमच्या जबलपुरात उच्च न्यायालय आहे आणि वैद्यकीय महाविद्यालयही आहे. गोरखपूर भागातल्या (हे गोरखपूर म्हणजे उत्तर प्रदेशातील नव्हे, आमच्या शहरातील; बाहेरगावच्या वाचकांचा नेहमी घोटाळा होतो) मराठी घरांतून वकील निघाले तसेच डॉक्टरही निघाले. अलीकडे या दोन्ही विद्या एकत्र करून आरोग्यविषयक कायदा आणि सार्वजनिक आरोग्याचे धोरण यांचाच व्यवसाय करणारी तरुण मंडळी दिसू लागली आहेत. शंभर वर्षांपूर्वी असा व्यवसाय अस्तित्वात नव्हता. त्या काळी हे काम एका गणिताच्या प्राध्यापकाने स्वतःच्या खर्चाने अंगावर घेतले आणि त्यापायी तो आरोपी म्हणून न्यायालयात उभा राहिला.

रघुनाथराव १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणात मुरुड येथे जन्मले. मातोश्री राधाबाई १८९१ साली निवर्तल्या तेव्हा त्यांचे वय अवघे नऊ वर्षांचे होते. १८९३ मध्ये वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरुडच्या समाजाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. समाजाचा रोष म्हणजे काय हे या मुलाने घरातच, अकराव्या वर्षी पाहिले. पुढे त्याला स्वतःला त्या रोषाचे फारसे भय वाटले नाही, याचे मूळ येथे असावे, असा आमचा तर्क आहे.

विद्यार्थीदशेत ते असामान्य बुद्धीचे होते. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि १९०४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाले. वडिलांप्रमाणेच त्यांनी गणिताच्या अध्यापनाचा मार्ग धरला. १९१९ साली ते उच्च गणिताच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेले. तेथून परतताना गणिताबरोबर आणखीही एक विषय त्यांच्या मनात पक्का झाला होता. अपत्ये किती व्हावीत आणि केव्हा व्हावीत हे माणसाने, विशेषतः स्त्रीने, स्वतः ठरवावे. ते ठरविण्याचे शास्त्रीय ज्ञान आणि साधने तिला उपलब्ध असावीत. आणि हा दैवाचा नसून आरोग्याचा विषय आहे, असा तो विचार होता.

मुंबईस विल्सन महाविद्यालयात अध्यापन करीत असतानाच १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले. भारतातील हे अशा प्रकारचे पहिले केंद्र. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी, हे ध्यानात घेतले म्हणजे रघुनाथराव काळाच्या किती बरोबरीने चालत होते हे लक्षात येते. विलायतेत आणि अमेरिकेत तरी या विषयाला मोकळे रान होते असे कोणी समजू नये. लंडनमध्ये १८७७ साली संततिनियमनावरील एक पुस्तक पुनर्मुद्रित केल्याबद्दल ब्रॅडलॉ आणि ॲनी बेझंट यांच्यावर खटला भरण्यात आला होता. न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट सँगर यांनी १९१६ साली केंद्र उघडताच त्यांना अटक झाली. जेथे जेथे हा विषय डॉक्टरच्या टेबलावर आला, तेथे तेथे पाठोपाठ पोलीसही आले.

१९२३ साली त्यांचा संततिनियमनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मिशनच्या महाविद्यालयास आपल्या प्राध्यापकाचा हा उद्योग मानवणे शक्य नव्हते, आणि १९२५ साली त्यांना ती नोकरी सोडावी लागली. सरकारी नोकरीत तीस वर्षे घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाला या वाक्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. महिन्याच्या एक तारखेला पगार न येणे ही काय वस्तू आहे, हे केवळ तत्त्वाच्या गप्पा मारणाऱ्यास कळणार नाही. पत्नी मालतीबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या म्हणूनच हा संसार तगला. उभयतांनी विचारपूर्वक अपत्य होऊ दिले नाही. दुसऱ्यास सांगावयाचे ते आधी स्वतः करावे, ही या घराण्याची रीतच होती.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक निघाले आणि ते नोव्हेंबर १९५३ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे चालले. संपादक तेच, प्रमुख लेखक तेच आणि प्रकाशकही तेच. संततिनियमन, गुप्तरोग, लैंगिक अज्ञान, विवाहसंस्था, धर्मभोळेपणा या विषयांवर त्यांनी महिन्यामागून महिना लिहिले. ‘शारदेची पत्रे’ या सदरातून ते समाजातील ढोंगावर बोचरी टीका करीत. वाचकांच्या शंकांना अंकातूनच उत्तरे देत. हा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जी शंका माणूस घरात, मित्रांत, किंबहुना डॉक्टरकडेही उच्चारू शकत नव्हता, ती तो कागदावर लिहून मुंबईस धाडीत असे, आणि तिचे उत्तर त्याला उपहासाने नव्हे तर माहितीने मिळत असे.

येथे एक घरगुती गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आमचे आजोबा गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीस होते. आजीला सात अपत्ये झाली. त्यांपैकी चार वाचली. सातव्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली. त्यानंतर केव्हातरी आजोबांनी ‘समाजस्वास्थ्य’ मागविण्यास आरंभ केला. या मासिकाच्या मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे. म्हणून टपालाने अंक आला की आजोबा त्याला वर्तमानपत्राचे वेष्टन घालीत आणि मगच तो लोखंडी पेटीत ठेवीत. आजोबांच्या पश्चात ती पेटी उघडली गेली तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी संकोचून गेली. आजी ते अंक वाचीत असे, हे तर आम्हांस पुष्कळ उशिरा, तिच्या धाकट्या बहिणीकडून कळले. आठवे बाळंतपण तिला झाले नाही.

असे हे मासिक सरकारच्या दृष्टीने अश्लील ठरले. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील एका लेखाबद्दल त्यांच्यावर खटला झाला. शंभर रुपये दंड झाला आणि उच्च न्यायालयातील अपीलही फेटाळले गेले. दुसरा खटला १९३४ सालचा. या वेळी वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरेच अश्लील म्हणून न्यायालयापुढे आली होती. रघुनाथरावांच्या बचावासाठी बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांनंतरचा तो काळ. बाबासाहेबांच्या शिरावर कोट्यवधी अस्पृश्यांच्या प्रश्नाचे ओझे होते. तरीही ज्या पक्षकाराला समाजात कोणी उभे करीत नव्हते, त्याचे वकीलपत्र त्यांनी घेतले. लैंगिक प्रश्नांचे ज्ञान देणे हाच ज्या मासिकाचा हेतू आहे, त्याने त्या विषयावरील शंकांची उत्तरे दिली तर त्यात गुन्हा कोणता, केवळ विषयामुळे लिखाण अश्लील कसे ठरते, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. त्याचा उपयोग झाला नाही. एप्रिल १९३४ मध्ये निकाल लागला आणि दोनशे रुपये दंड झाला.

आमच्या वकील वाचकांसाठी या ठिकाणी थोडे थांबणे इष्ट होईल. भारतीय दंड संहितेचे कलम २९२ त्या वेळी ज्या कसोटीने लावले जाई, ती १८६८ सालची एक विलायती कसोटी होती. कोवळ्या किंवा विकारी मनाच्या माणसाच्या हाती लिखाण पडले तर त्याचे काय होईल, हे पाहून निर्णय होत असे. या कसोटीत शास्त्रीय हेतूला, लोकोपयोगाला स्थान नव्हते. सर्वांत दुबळा वाचक गृहीत धरला म्हणजे आरोग्याविषयी खरे लिहिणारा प्रत्येक माणूस गुन्हेगार ठरतो. विज्ञान, साहित्य, कला किंवा विद्या यांच्या हितासाठी, सार्वजनिक कल्याणार्थ केलेले प्रकाशन या कलमाच्या कक्षेबाहेर ठेवणारी दुरुस्ती झाली ती १९६९ साली. जुन्या कसोटीचा त्याग सर्वोच्च न्यायालयाने केला २०१४ साली. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम २९४ मध्येही हा अपवाद कायम आहे. रघुनाथरावांच्या खटल्याच्या वेळी तो असता तर तीनशे रुपयांचा तो दंड झाला नसता, असे आमचे मत आहे. आजच्या तीनशे रुपयांवरून त्या तीनशेचा अंदाज मात्र कोणी करू नये.

कायद्याने शिक्षा केली, तरी धोरणाचे वारे हळूहळू फिरत होते. म्हैसूर संस्थानाने १९३० सालीच सरकारी रुग्णालयांतून संततिनियमनाचा सल्ला देण्यास प्रारंभ केला. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्यास येऊन महात्मा गांधींना भेटल्या. वर्धा आणि जबलपूर तेव्हा एकाच मध्य प्रांतात होते. महात्माजींचा कृत्रिम साधनांना विरोध होता. संयम हाच मार्ग, अशी त्यांची श्रद्धा होती. रघुनाथरावांनी या मतावर कठोर टीका केली. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला, तो मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. त्याच वर्षी पुण्यास शकुंतलाबाई परांजपे यांनी रघुनाथरावांच्या प्रेरणेने हे कार्य हाती घेतले. पुढे त्या राज्यसभेच्या नामनियुक्त सभासद झाल्या आणि १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. रघुनाथरावांच्या वाट्याला यांतले काहीही आले नाही.

त्यांची सर्व मते आम्हांस मान्य आहेत असे नाही. त्यांची लेखणी अनेकदा गरजेपेक्षा तिखट होई. श्रद्धाळू माणसाच्या श्रद्धेत दुःखाचाही एक भाग असतो, हे ते सहसा मानीत नसत. विवाहसंस्थेविषयीची त्यांची काही विधाने आजही पचविणे कठीण आहे. जवळचे लोक दुरावले याला समाज जितका कारण, तितका त्यांचा स्वभावही असावा. परंतु स्वभावाचा दोष हा काही दंडनीय अपराध नव्हे.

स्वतंत्र भारताने १९५२ साली राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रम स्वीकारला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी पासष्ट लाख रुपये ठेवण्यात आले. ज्या गोष्टीसाठी एका प्राध्यापकाची नोकरी गेली, ती आता सरकारचे कर्तव्य झाली. आमच्या बालपणी जबलपुरात भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण रंगविलेला असे. केंद्र सरकारच्या सेवेत आम्ही आलो तेव्हा तर दोन अपत्यांवर थांबून शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यास विशेष रजा मिळे आणि वेतनात भत्ता मिळे. तो भत्ता २०१७ साली बंद झाला. आमच्या हाताखालून अशा कित्येक अर्जांच्या फायली गेल्या. दर वेळी रघुनाथरावांची आठवण होई असे म्हटले तर ते खोटे ठरेल. एखाद्या वेळी मात्र निश्चित होई.

सरकारने त्यांची साधने स्वीकारली, तरी त्यांचा विचार संपूर्ण स्वीकारला का, हा प्रश्न उरतोच. रघुनाथरावांच्या मते हा स्त्रीच्या निर्णयाचा विषय होता. सरकारी कागदावर तो लोकसंख्येचा आणि उद्दिष्टांचा विषय झाला. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी कित्येक सक्तीने झाल्या. १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आला आणि २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन अविवाहित स्त्रीचाही त्यात विचार झाला. ही प्रगती खरीच. पण २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी पाहावी. प्रजननक्षम वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ अडतीस टक्के स्त्रियांनी स्वतः शस्त्रक्रिया करून घेतली आहे. पतीने करून घेतल्याचे प्रमाण शेकडा ०.३ एवढे आहे. पुरुषांना उद्देशून सव्वीस वर्षे लिहिणाऱ्या गृहस्थाने हा आकडा पाहिला असता तर ‘शारदेच्या पत्रां’स एक विषय खचित मिळाला असता.

मालतीबाई १९४४ साली गेल्या. त्यानंतरची नऊ वर्षे रघुनाथरावांनी एकट्याने मासिक चालविले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. राष्ट्रीय कार्यक्रम सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. महर्षी त्या वेळी पंचाण्णव वर्षांचे होते. ज्येष्ठ पुत्राच्या मृत्यूनंतर ते आणखी नऊ वर्षे जगले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. ‘समाजस्वास्थ्या’चा नोव्हेंबर १९५३ चा अंक संपादकाच्या मृत्यूनंतर वाचकांच्या हाती पडला. आजोबांच्या पेटीत सर्वांत वर तोच अंक आहे. त्यावरही वर्तमानपत्राचे वेष्टन आहे.